दगडावरच्या रेघा

तोताराम मिस्तरींचा धारेचा दगड सपाट होऊन बरेच दिवस झाले होते. याहून जास्त सपाट तो होणार नव्हता. पण हे त्यांना सांगणार कोण? त्यांच्या बायकोने, बेबाबाईने, एकदा सांगून पाहिलं. तेव्हा त्यांनी दगड डोळ्यांसमोर आडवा धरला, एक डोळा मिटून त्याच्यावरून नजर फिरवली आणि निकाल दिला की मधोमध खड्डा आहे, तुला दिसत नाही कारण तुझी नजर गेली. नजर गेली म्हणे. मोतीबिंदू तिचा नव्हे, त्यांचा पिकला होता. पण जळगावच्या त्या चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत पुन्हा करकर सुरू झाली.

ज्यांचा सुतारकामाशी संबंध आला नाही त्यांना एवढंच सांगायचं, की पटाशी किंवा रंध्याचं पातं ज्या दगडावर घासून धार लावतात तो दगडही झिजतो, आणि तो लबाड सगळीकडे सारखा झिजत नाही. हात मधेच चालतो म्हणून मधे खळगा पडतो, कडा उंच राहतात. अशा दगडावर पातं घासलं की धार गोल येते, आणि गोल धारेचा रंधा लाकडावर ओरखडे काढत जातो. म्हणून अधूनमधून दगडालाच सपाट करावं लागतं. सपाट फरशीवर चाळलेली वाळू पसरायची, पाणी शिंपडायचं आणि दगड पालथा घालून घासत बसायचं. सपाट झाला की नाही हे नुसत्या डोळ्याला कळत नाही. त्यासाठी आधी दगडाच्या तोंडावर पेन्सिलीने आडव्यातिडव्या रेघा मारायच्या. कडांवरच्या रेघा आधी जातात, खळग्यातल्या शेवटी. शेवटची रेघ गेली की काम झालं. एवढं साधं काम, पण बहुतेक सुतारांना त्याचाही कंटाळा. दगड जुन्या खाटेसारखा मधे लोंबला तरी ते चालवून घेतात.

तोताराम मिस्तरी चालवून घेणाऱ्यांतले नव्हते. एरंडोलला त्यांचं दुकान होतं तेव्हा ते माणसाची पारख त्याच्या दगडावरून करत. मुलीसाठी, रूपासाठी, एकदा धरणगावचं स्थळ आलं होतं. सुताराचंच घर, मुलगा देखणा, हाताला काम भरपूर. मिस्तरी बघायला गेले, चहा होईपर्यंत मागच्या कारखान्यात डोकावून आले आणि घरी येऊन नाही म्हणाले. कारण काय, तर तीन सुतारांच्या घरात दगड खोलगट, म्हणजे त्या घरात कोणी कोणाची चूक सांगत नाही. बेबाबाईने कपाळावर हात मारून घेतला. पुढे रूपा धुळ्याला देवपुरात एका शिक्षकाच्या घरी पडली आणि सुखात राहिली, त्यामुळे आपलं म्हणणं बरोबरच होतं असा मिस्तरींचा कायमचा समज झाला.

खांडेनवमीच्या आदल्या दिवशी ते सगळे दगड काढून बसत. हत्यारांची पूजा व्हायची तर त्यांना धार देणाऱ्या दगडाचं तोंड सरळ नको का, असं त्यांचं म्हणणं. घासणं त्यांचं आणि रेघा मारणं बेबाबाईचं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी हे ठरून गेलं होतं. त्यांचे हात वाळूपाण्याने ओले, आणि ओल्या हाताने दगडावर पेन्सिल उठत नाही. म्हणून ते दगड तिच्यापुढे धरत, ती पदराने टिपून कोरडा करी आणि सुताराच्या त्या चपट्या लाल पेन्सिलीने रेघा ओढी. नव्या नवरीला नवऱ्याच्या शेजारी उघडपणे बसायला मिळायचं ते त्या एका दिवशी, सासू काही बोलू शकत नसे, कारण काम देवाचं होतं. मिस्तरी म्हणायचे, "बेबी, रेघा मार." सगळ्या जगात तिला बेबी म्हणणारा तो एकच माणूस होता.

विसरायला लागले ते आधी मापं. मग एका बंगल्याचा दरवाजा उलट्या बाजूने बसवून आले. मग घराचा रस्ता. हितेंद्र, त्यांचा मुलगा, जळगावात प्लायवूडचे किचन आणि कपाटं बनवायचा. त्याने एरंडोलचं दुकान बंद केलं आणि दोघांना आपल्याकडे आणलं. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो काढला, गोळ्या दिल्या आणि स्पष्टच सांगितलं की या गोळ्यांनी उतार पडणार नाही, फार तर घसरण हळू होईल. हितेंद्र तिथे समजूतदारपणे मान हलवत होता. बाहेर येऊन गाडीला किल्ली लावताना मात्र त्याला किल्लीचं भोक सापडेना.

जळगावला आल्यावर मिस्तरींनी नवाच छंद लावून घेतला. दार उघडं दिसलं की चपला पायात. कुठे म्हणून विचारलं तर कामावर. एकदा ते असेच निघाले आणि बांभोरीच्या पुलावर सापडले. हायवेच्या मधोमध, दोन्हीकडून ट्रक धडधडत असताना, एरंडोलच्या दिशेने तोंड करून निवांत चालले होते. हिलाल रिक्षावाला मूळचा एरंडोलचा, त्याने ओळखलं म्हणून धडपणे घरी आले. हिलाल पेलाभर पाणी प्यायला आणि बेबाबाईला खालच्या आवाजात एवढंच म्हणाला की अक्का, आज माझ्या जागी दुसरा कोणी असता तर तुम्हाला निरोप वेगळा आला असता.

त्यानंतर हितेंद्रने विषय काढला. धुळ्याला देवपुरात अशा माणसांसाठी एक घर निघालं होतं. रूपाच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे फाटकाला कुलूप असतं, माणसं असतात, रात्रंदिवस लक्ष असतं. तो काही वाईट बोलत नव्हता, आणि हेच बेबाबाईला जास्त अवघड गेलं. वाईट बोलला असता तर तिने त्याला चांगला फैलावर घेतला असता. तिने फक्त इतकंच सांगितलं की माझ्या जिवात जीव आहे तोवर मी त्यांना कुलपात ठेवू देणार नाही. शेवटी असं ठरलं, की बघू. पुन्हा एकदा बाहेर गेले, किंवा पुन्हा काही झालं, तर मात्र धुळे. "काही झालं तर" या तीन शब्दांवर बेबाबाईचा जीव तेव्हापासून टांगणीला लागला.

दगडाची युक्ती तिची. तिनेच हितेंद्रला एरंडोलहून मिस्तरींची जुनी पेटी आणायला लावली. हत्यारं आत ठेवली, दगड बाहेर काढला. फरशी म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्यातून बेसिनसाठी कापून काढलेला ग्रॅनाइटचा तुकडा होता, भिंतीला टेकून पडलेला. गिरणा नदीची वाळू पिठाच्या चाळणीने चाळली, त्यावर भूमिकाने, म्हणजे सुनेने, नवी चाळणी आणायला सांगितली ते बरोबरच होतं. हे सगळं गॅलरीत मांडलं आणि मिस्तरींना पाटावर आणून बसवलं. ते क्षणभर नुसते बघत राहिले. मग त्यांचा हात आपसूक वाळूवर गेला, बोटांनी ती सारखी केली, पाणी शिंपडलं, आणि ज्या माणसाला सकाळी शर्टाचं बटण लावता आलं नव्हतं तो माणूस दगड घेऊन एका मापात आठाचा आकडा काढत घासायला लागला. थोड्या वेळाने त्यांनी दगड पुढे धरला. "बेबी, रेघा मार."

बेबाबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही, आनंदाने. हितेंद्रचं नाव त्यांना आठवत नव्हतं. भूमिकाला ते कधी रूपा म्हणत, कधी नर्सबाई. बेबाबाईलाही एरवी रस्त्यात भेटलेल्या बाईसारखे बघत. पण दगड हातात आला की ती बेबी होती. ती पदराने दगड टिपायची, रेघा मारायची, आणि तेवढा वेळ सगळं जागच्या जागी असायचं. बाकी जाऊ दे, मला ओळखतात ना, असं ती मनाशी म्हणे. चपलांकडे त्यांचं लक्ष जाईना. धुळ्याचं नाव घरात निघेनासं झालं. एका दगडाने एवढं काम केलं.

पण वाळू ही वाळू. ती दगड खाते तशी कातडीही खाते. धंद्यातल्या माणसाच्या बोटांना घट्टे असतात, तो वर्षातून एकदा हे काम करतो आणि उठतो. मिस्तरी रोज करत होते, आणि म्हातारपणी कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली. शेवटची रेघ गेली की ते समाधानाने दगड खाली ठेवत, जरा वेळ गॅलरीबाहेरच्या आभाळाकडे बघत, आणि मग दगड उचलून डोळ्यांसमोर धरत. मधोमध खड्डा. बेबी, रेघा मार. बोटांची टोकं आधी गुळगुळीत झाली, मग लाल, मग त्यातून पाणी यायला लागलं. तिने पट्ट्या चिकटवल्या, त्यांनी त्या सोलून काढल्या. बँकेत नोटा मोजायला बोटांवर चढवतात ती रबराची टोपणं आणली, ती त्यांनी कपात बुडवून ठेवली. दगड लपवून पाहिला, तर पायात चपला. म्हणजे दगड द्यावा तर बोटं जातात, न द्यावा तर माणूस जातो.

यातून तिने आपल्यापुरता मार्ग काढला. रेघा अगदी फिक्या मारायच्या, जेमतेम दिसतील एवढ्या. दोन हात फिरवले की गेल्या. ते खूश, बोटं शाबूत. फक्त मागणी सारखी येई, त्यामुळे तिला गॅलरीच्या उंबऱ्यावर ठाण मांडून बसावं लागे. भाजी तिथेच निवडायची, डुलकी तिथेच काढायची. शेजारच्या गुलाबबाई तिला देवळात बोलवून थकल्या आणि शेवटी प्रसाद उंबऱ्यावर आणून देऊ लागल्या. बेबाबाईची त्याला हरकत नव्हती. या वयात नवऱ्याने दिवसभर नावाने हाक मारावी, हे किती जणींच्या वाट्याला येतं?

मग एरंडोलला तिची थोरली जाऊ वारली. दशक्रियेला जाणं भागच होतं. हितेंद्र तिला घेऊन जाणार होता, भूमिका घरी राहणार होती. बेबाबाईने तिला सगळं समजावून सांगितलं. दगड कसा टिपायचा, रेघा कशा मारायच्या, दार आतून कसं लावायचं. फिक्या मार हे सांगितलं. का फिक्या, ते सांगायचं राहून गेलं. तिला ते इतकं उघड वाटत होतं की सांगायला हवं असं मनातच आलं नाही.

भूमिका मनाची चांगली पोरगी. सासऱ्यांचं कधी उणं काढलं नाही, अंथरूण खराब झालं तरी नाक मुरडलं नाही. त्या सकाळी तिने बेबाबाईने सांगितलं तसंच केलं. पण तिला घरातली कामं होती, हितेंद्रच्या गिऱ्हाइकांचे फोन होते, आणि मिस्तरींची हाक दर थोड्या वेळाने. भाजी करपली. हाक मारूनही कोणी आलं नाही म्हणून ते उठून दाराशी गेले, कडी खडखडवायला लागले. त्यांना परत पाटावर बसवताना तिला वाटलं, की पेन्सिल इतक्या लवकर पुसली जाते म्हणून बिचाऱ्यांना सारखं मागावं लागतं. चांगल्या ठसठशीत रेघा मारल्या तर ते आई येईपर्यंत निवांत बसतील. प्लायवूडच्या तुकड्यांवर नंबर टाकायला हितेंद्रकडे काळा मार्कर असायचा, पुसला न जाणारा. तिने तो घेतला आणि दगडावर हव्या तितक्या दाट रेघा ओढल्या.

दगड पाणी पितो, तेल पितो. तो ती शाईही प्यायला. आत खोलवर.

त्यानंतर मिस्तरींनी हाक मारली नाही. भूमिकाने दोनदा डोकावून पाहिलं तर ते पाठमोरे वाकून घासत होते, हात एका लयीत चालला होता. तिला हायसं वाटलं. जेवायला बोलावलं तर त्यांनी मान हलवली, तेही नेहमीचंच. आपली युक्ती लागू पडली म्हणून तिने हितेंद्रला फोनवर सांगितलंही, की आबा अगदी शांत आहेत, आईंना म्हणावं सावकाश या.

बेबाबाई संध्याकाळी आली. दशक्रियेहून आलेली, म्हणून आधी अंघोळीला जायचं होतं, पण करकर ऐकू आली आणि ती तशीच गॅलरीकडे वळली. ग्रॅनाइटवरचं पाणी लाल झालं होतं. वाळू लाल झाली होती. मिस्तरींच्या बोटांची टोकं राहिली नव्हती, कातडी जाऊन आतलं मांस उघडं पडलं होतं आणि त्यात वाळूचे कण रुतले होते, आणि तरी ते घासत होते. तिने त्यांची दोन्ही मनगटं धरली. त्यांनी वर पाहिलं. चेहरा पूर्ण रडवेला झालेला.

"रेघ जात नही, बेबी," ते म्हणाले. "मना हात बिघडी गया."

तिने दगड उलटा केला. काळ्या रेघा जशाच्या तशा होत्या.

मागे भूमिका येऊन उभी राहिली होती. बेबाबाईच्या मनात आलं की फिरून तिच्या तोंडात द्यावी. आयुष्यात तिला कोणाचा इतका राग आला नव्हता. ती फिरलीही, पण पोरगी भिंतीला धरून पांढरीफटक पडली होती. मारणार तरी कोणाला आणि कशासाठी? त्यांना शांत ठेव असंच तर सांगून गेलो होतो आपण. तिने ठेवलं. राग आला तसा अंगातच जिरला, आणि मागे उरलेलं जे होतं ते रागापेक्षा वाईट होतं.

दवाखान्यात वाळू काढायला डॉक्टरांना फार वेळ लागला. मिस्तरींना साखरेचा त्रास, त्यामुळे जखमा भरायला उशीर लागणार, पाणी लागता कामा नये, बोटं वापरता कामा नयेत. दोन्ही पंज्यांना पांढरे गठ्ठे बांधून त्यांना घरी आणलं. हितेंद्रने बूट काढले, सोफ्यावर बसला आणि आईकडे न बघता सांगितलं की बँडेज सुटलं की धुळे. तो देवपूरला फोन करून आला होता. जागा होती.

काही झालं तर, असं ठरलं होतं. काही झालं होतं.

दुसऱ्याच दिवसापासून मिस्तरी दारावर ते गठ्ठे आपटायला लागले. कामावर जायचं. समजावून झालं, गोड बोलून झालं, टीव्ही लावून झाला. बँडेजवर रक्त उमटलं तेव्हा बेबाबाईने हात टेकले. तिने गॅलरीतला पसारा पुन्हा मांडला. पाटावर त्यांना बसवलं आणि दगडापाशी स्वतः बसली. दगडाला दुसरी बाजू होती, तिच्यावर रेघा मारल्या, वाळू शिंपडली आणि घासायला सुरुवात केली. तुम्ही बघा, म्हणाली, मी घासते, चुकलं तर सांगा.

आणि ते सांगायला लागले. जोर मधे नको देऊ. टोकाला टोक फिरव. वाळू कोरडी पडली, पाणी घाल. त्यांचा आवाज परत दुकानातल्यासारखा झाला, कामाला ठेवलेल्या माणसावर खेकसावं तसा. तिला मनातून बरं वाटलं. तिच्या बोटांची आग व्हायची, पण ती रात्री तूप लावून झोपायची आणि सकाळी पुन्हा बसायची. दारावर आपटणं थांबलं. बँडेज पांढरं राहायला लागलं. हितेंद्र कामावरून आला की गॅलरीत डोकावायचा, आईला घासताना बघायचा आणि आत जायचा. तिने एकदा त्याला थांबवून विचारलं, की हात बरे झाले आणि ते असेच शांत राहिले तर? तो म्हणाला की राहिले तर बघू. बेबाबाईला तेवढं पुरलं. ती जास्तच नेटाने बसायला लागली.

असंच एकदा रेघा पुसून झाल्या. तिने दगड टिपला, कानामागची पेन्सिल काढली आणि रेघ ओढणार, तेवढ्यात मिस्तरींनी बँडेजच्या हाताने तिचा हात बाजूला सारला. जोराने नाही. अनोळखी बाईला सांगावं तसं, जरा संकोचून.

"तुना हात वल्ला शे, बाई," ते म्हणाले. "रेघा मनी बेबी मारी. ती येवू दे."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. ती म्हणाली, अहो, मीच ती. त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं, वाळूने माखलेल्या हातांकडे बघितलं आणि समजुतीने हसले. घासणारा वेगळा आणि रेघा मारणारी वेगळी, हे त्यांच्या डोक्यात इतकं पक्कं होतं की बाकी सगळं वाहून गेलं तरी ते राहिलं होतं. ती त्यांच्या जागेवर जाऊन बसली होती. म्हणून तिची जागा रिकामी झाली होती.

त्यानंतर त्यांनी तिला दगडाला हात लावू दिला नाही. मांडीवर दगड घेऊन ते दाराकडे तोंड करून बसत. बेबी यायची होती. ती आल्याशिवाय काम पुढे जात नव्हतं, आणि काम अर्धवट टाकून बाहेर जाण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. चपलांकडे ते ढुंकूनही बघेनात. दार सताड उघडं राहिलं तरी जागचे हलत नसत. न घासल्यामुळे बोटांना आराम पडला. डॉक्टरांनी बँडेज सोडलं तेव्हा खाली गुलाबी, नवी कातडी आली होती, आणि या वयात, या साखरेत इतकं छान भरलं याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

हितेंद्रने दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच धुळ्याला फोन लावला आणि जागा नको म्हणून कळवलं. मग आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला की तू जिंकलीस बघ, आबा आता कुठे जात नाहीत. भूमिकाने त्या दिवशी शेवया केल्या. घरात कित्येक महिन्यांनी कोणी मोठ्याने हसलं. बेबाबाईने सगळ्यांना वाढलं. जे मागितलं होतं ते सगळं तिला मिळालं होतं, म्हणून तक्रार करायलाही जागा नव्हती, आणि तिने कोणाला काही सांगितलं नाही.

एक दिवस भूमिका बाजारात गेली होती. बेबाबाईने हात साबणाने धुतले, पुसले, पंख्याखाली धरून अगदी कोरडे केले. ठेवणीतलं हिरवं पातळ नेसली. केस विंचरले. पेन्सिल मुठीत घेतली, स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने जिन्यात गेली आणि पुढच्या दाराने आत आली, बाहेरगावाहून यावं तशी. छातीत धडधडत होतं. या वयात असं धडधडतं याची तिची तिलाच लाज वाटली.

मिस्तरींनी मान वर केली. तिच्या पातळाकडे, चेहऱ्याकडे, हातातल्या पेन्सिलीकडे बघितलं. मग पाहुण्या बाईला जागा द्यावी तसे पाटावर जरा सरकले.

"वाटमा बेबी भेटनी का?" त्यांनी विचारलं.

खरं काय ते सांगण्याचा काही उपयोग नव्हता, हे तिला आता कळलं होतं, आणि खोटं सांगितलं नाही तर ते उठून शोधायला निघतील हेही कळत होतं.

"भेटनी," ती म्हणाली. "येवाले निंघेल शे."

"लांब शे का आखो?"

"नही. जवळच शे."

त्यांचं समाधान झालं. त्यांनी मांडीवरचा दगड नीट धरला. बेबाबाई त्यांच्या शेजारी खाली फरशीवर बसली, आणि भूमिका येईपर्यंत दोघं जण दाराकडे बघत राहिले.